दुसरा केसपेपर

दवाखान्यात रुग्णासोबत जो माणूस येतो, त्याला आमच्या वैद्यकीय व्यवहारात धड नाव नाही. ‘नातेवाईक’ म्हणायचे, नाही तर ‘बरोबर आलेले’. जुन्या तपासण्यांची फाइल त्याच्या मांडीवर असते, औषधांची पिशवी त्याच्या हातात असते, आणि प्रश्न रुग्णाला विचारला तरी उत्तर बहुधा तोच देतो. नाडी मात्र त्याची कोणी पाहत नाही. गेली सात-आठ वर्षे मी अशा माणसाचाही वेगळा केसपेपर काढते. वजन, रक्तदाब, झोप किती लागते, स्वतःची औषधे चालू आहेत की नाहीत, एवढेच लिहिते. जास्तीचे पैसे घेत नाही, वेळ मात्र जातो. बाहेर बाकावर बसलेली मंडळी कुरकुरतात. त्यांची कुरकुर रास्तच आहे.

या सवयीचे मूळ एका रशियन बाईने लिहिलेल्या आठवणींत आहे, असे सांगितले तर माझे सहव्यवसायी हसतील. ती बाई म्हणजे आन्ना ग्रिगोर्येव्हना, थोर कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांची पत्नी. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ किंवा ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ ही नावे पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेली असतील. या कादंबऱ्यांविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. एम.बी.बी.एस. झालेल्या, गावात तीस वर्षे तापाखोकल्याची औषधे देणाऱ्या बाईने साहित्यसमीक्षेत पडू नये. परंतु आन्नाचे पुस्तक मी ज्या पद्धतीने वाचले ती पद्धत माझ्या व्यवसायाची आहे. एका घरात एक दीर्घकाळचा आजारी माणूस आहे, त्याचे काम थोर आहे, त्याच्यावर जीव टाकणारे शेकडो लोक घराबाहेर आहेत, आणि घराच्या आत एक स्त्री आहे. असे घर दिसले की माझे लक्ष आधी त्या स्त्रीकडे जाते.

त्यांची पहिली भेट झाली ती कामापुरती. १८६६ च्या ऑक्टोबरात दोस्तोयेव्हस्की चव्वेचाळीस वर्षांचे होते. दोनच वर्षांपूर्वी, काही महिन्यांच्या अंतराने, त्यांची पहिली पत्नी आणि थोरले बंधू असे दोघेही वारले होते. भावाच्या मासिकाचे कर्ज त्यांनी अंगावर घेतले होते. भावजय, तिची मुले आणि स्वतःचा सावत्र मुलगा यांचा भारही त्यांच्यावरच होता. पैशांच्या निकडीत त्यांनी एका प्रकाशकाशी करार केला होता. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्यांचे सर्व लेखन एक पैसाही मोबदला न देता छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. महिना उरला होता आणि कादंबरीची एक ओळही लिहून झालेली नव्हती. मित्र म्हणाले, आम्ही प्रकरणे वाटून घेऊन लिहितो, तुम्ही नाव द्या. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपली सही करायला त्यांनी नकार दिला. तेव्हा एकाने लघुलेखक ठेवण्याचा सल्ला दिला.

लघुलेखन ही त्या काळी नवीच विद्या होती. आन्ना वीस वर्षांची होती. वर्गात हुशार म्हणून शिक्षकांनी तिचे नाव सुचवले. तिचे वडील याच लेखकाचे चाहते होते आणि त्याच वर्षी वारले होते. ती दुपारी बारा वाजता जाई, चार वाजेपर्यंत सांगितलेला मजकूर टिपून घेई, आणि रात्री घरी बसून त्याची स्वच्छ प्रत करी. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी पुरी झाली. हस्तलिखित घेऊन लेखक प्रकाशकाकडे गेले तर तो गावाला गेलेला. त्याच्या कचेरीत कोणी ते स्वीकारीना. शेवटी पोलिस ठाण्यात हस्तलिखित जमा करून त्याची पावती घेतली, तेव्हा नऊ वर्षांचे संकट टळले.

मला या हकिगतीत खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. अगदी पहिल्या दिवशी, नोकरीसाठी आलेल्या त्या अनोळखी मुलीला दोस्तोयेव्हस्की यांनी सांगून टाकले की, मला फेफऱ्याचा आजार आहे आणि नुकताच झटका येऊन गेला आहे. पुढे चारच महिन्यांनी, १८६७ च्या फेब्रुवारीत, तिने त्यांच्याशी लग्न केले ते हे जाणून. आपल्याकडे आजही फेफरे लपवून लग्ने लावली जातात. मग मुलगी सासरी गेल्यावर गोळ्या डब्याच्या तळाशी, साड्यांच्या घडीत लपवते. एखाद्या दिवशी गोळी चुकते, आणि नेमका त्याच दिवशी झटका येतो. अशा तीन मुली माझ्या पाहण्यात आहेत.

आमच्या स्वतःच्या घरीही हा शब्द उच्चारायची चोरी होती. माझ्या वडिलांना तरुणपणापासून फिट्स येत. ‘आज त्यांना बरं नाही’ एवढेच आई शेजारीपाजारी सांगे. वडील सूतगिरणीत होते, तीन पाळ्यांत काम. मी वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असताना दुधाच्या हिशेबाची वही चाळता चाळता मागची पाने उघडली गेली. तिथे आईच्या अक्षरात नोंदी होत्या. तारीख, वेळ, किती मिनिटे चालले, नंतर किती वेळ झोपले, आदल्या रात्री झोप झाली होती की नाही. चौदा वर्षांच्या नोंदी! सातवी शिकलेल्या बाईला हे करायला कोणी सांगितले नव्हते. ती वही मी मेंदुविकारतज्ज्ञांकडे नेली, तेव्हा त्यांनी आधी वहीच वाचली आणि मग वडिलांना तपासले. बहुतेक झटके रात्रपाळीच्या पाठोपाठ आलेले होते. जागरणाने फेफरे उसळते हे पुस्तकात असतेच. आमच्या घरात ते दुधाच्या वहीत होते. वडिलांना रात्रपाळीतून सूट मिळाली, गोळीची वेळ बदलली, आणि झटके वर्षाकाठी एक-दोनवर आले. दोस्तोयेव्हस्की स्वतः आपल्या झटक्यांच्या तारखा टिपून ठेवीत, हे वाचले तेव्हा मला आईचे निळ्या शाईचे अक्षर आठवले.

आन्नाने पहिला झटका पाहिला तो लग्नानंतर काहीच दिवसांनी, बहिणीच्या घरी. बोलता बोलता नवऱ्याचा चेहरा बदलला, अमानुष वाटावी अशी किंकाळी निघाली आणि ते कोसळू लागले. बहीण भेदरून किंचाळत बाहेर पळाली. आन्नाने मात्र त्यांना खांद्यांना धरून हळूहळू जमिनीवर उतरवले आणि झटका ओसरेपर्यंत त्यांचे डोके मांडीवर धरून ठेवले. शिकवलेले काहीच नसताना ती मुलगी बरेचसे योग्य वागली. आज मी एवढेच सुचवीन की माणसाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जात नाही. गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. हातपाय दाबून धरू नयेत. आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा झटका आला, तर विचार करीत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे. बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हे तर सर्वांत धोक्याचे. दोस्तोयेव्हस्की यांच्या वेळी ब्रोमाइडचा उपयोग नुकता कुठे सुरू झाला होता आणि फेनोबार्बिटोन १९१२ मध्ये आले. त्यांच्या बायकोच्या हाती मांडीच काय ती होती.

पुढची चार वर्षे सावकारांच्या भीतीने परदेशात गेली. जुगाराचे व्यसन, गहाण पडलेले दागिने, जिनीव्हात तीन महिन्यांची होऊन गेलेली पहिली मुलगी सोन्या. या काळावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात रमावेसे वाटत नाही. एक बारीकसा प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. एकदा बोलण्याच्या ओघात नवरा म्हणाला की, स्त्रिया एखादी गोष्ट चिकाटीने दीर्घकाळ करू शकत नाहीत. आन्ना इरेला पेटली. तिने एक स्वस्तातली वही आणली आणि पोस्टाची तिकिटे जमवायला सुरुवात केली. हा छंद तिने जन्मभर सांभाळला. घरी येणाऱ्या पत्रांवरचीच तिकिटे ती काढून घेई. एकही तिकीट पैसे देऊन विकत घेतले नाही, असे ती मोठ्या अभिमानाने नमूद करते. आजारी माणसाभोवती ज्यांचा सगळा दिवस फिरतो अशा बायकांना मी हा प्रसंग आवर्जून ऐकवते. त्या हसतात. एक म्हणाली, “डॉक्टर, माझ्याकडे रांगोळीच्या ठिपक्यांची वही होती. कुठं ठेवलीय बघते.”

१८७१ मध्ये कुटुंब रशियात परतले. सावकार दारात उभे राहिले, आणि त्यांच्याशी बोलणी करायला नवऱ्याऐवजी ही पंचविशीतली बायको पुढे झाली. मग तिने ठरवले की नवऱ्याची पुस्तके आपणच छापायची. लेखकाने स्वतः पुस्तक काढणे ही तेव्हा वेडगळ कल्पना होती. कागदाचा भाव काय, बांधणीला किती पडते, विक्रेत्याला किती सूट द्यायची, हे तिने इकडेतिकडे सहज विचारल्यासारखे करून जाणून घेतले. १८७३ च्या जानेवारीत ‘डेमन्स’ ही कादंबरी त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापली, ३,५०० प्रती. वर्तमानपत्रात जाहिरात आली त्या सकाळी विक्रेत्यांची माणसे घरी येऊ लागली. नवरा रात्रभर कडक चहा पीत लिहिणारा, त्यामुळे तो आत झोपलेला. घरात तीन वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. आणि बाहेरच्या खोलीत ही बाई पुस्तके मोजून देते आहे, सुटीवरून घासाघीस करते आहे. दुपारी लेखक उठून बाहेर आले आणि त्यांनी विक्रीची चौकशी केली, तेव्हा तिने रोकड पुढे ठेवली.

मला वाटते, ती टिकली याचे कारण येथे आहे. तिच्यावर शुश्रूषेचा भार होता. पण शुश्रूषेखेरीजही तिच्या हाताला काम होते, त्यात तिला गती होती, आणि त्याची किंमत घरात मानली जात होती. नवरा रात्री टिपणे काढी, दुसऱ्या दिवशी तिला मजकूर सांगे, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा कसा होतो ते पाही. झटक्यानंतर त्याला विस्मरण होई. आपण आधी काय लिहिले तेही आठवत नसे. अशा वेळी तिच्या वह्या होत्या. तिला कोणी ‘बिचारी’ म्हटले असते तर तिला राग आला असता, असे तिच्या लिहिण्यावरून वाटते.

तिसरे माणूस या संसारात होते ते वाचक. १८७६ आणि १८७७ अशी दोन वर्षे दोस्तोयेव्हस्की यांनी ‘अ रायटर्स डायरी’ या नावाचे मासिक एकट्याने लिहून काढले. वर्गणी, बांधाबांध, टपाल हे सारे आन्नाकडे. वाचक त्यांना घरातला वडीलधारा समजून लिहीत. लग्न करू का, शिकायला जाऊ का, श्रद्धा उरली नाही तर जगू कसा! पत्रे येत, माणसेही येत. त्यांना उत्तरे देण्यात लेखकाला फार समाधान होते आणि थकवाही तेवढाच होता. फुप्फुसे बिघडत चालली होती. एम्फिसीमा, म्हणजे आता ज्याला आपण सीओपीडी म्हणतो त्यातला प्रकार. सिगारेट सुटलेली नव्हती. उपचारासाठी ते जर्मनीतल्या एम्स येथे झऱ्याचे पाणी प्यायला जात. अखेर प्रकृतीचे कारण सांगून आणि नव्या कादंबरीसाठी सवड हवी म्हणून त्यांनी मासिक थांबवले.

हे वाचताना मला आमच्या गावातले एक घर डोळ्यांसमोर येते. येथे एक वयोवृद्ध कादंबरीकार राहतात. नाव सांगत नाही. वाचनालयांतून त्यांची पुस्तके अजून फिरतात. वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षे ओढलेल्या सिगारेटींनी त्यांच्याही फुप्फुसांची तीच गत केली आहे. मी त्यांना ‘सर’ म्हणते आणि त्यांच्या पत्नीला ‘काकू’. सरांना वाचकांचे फोन येतात. दुपारी अडीचला येतात, रात्री साडेनऊला येतात. कोणी कऱ्हाडहून मुलाबाळांसह न कळवता येऊन फोटो काढून जातात. काकू चहा करतात. एकदा मी तिथे असतानाच एक पाहुणे आले. बसल्या जागी सरांचा ऑक्सिजन ९४ होता, अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर तो ८८ झाला आणि ओठ काळसर दिसू लागले. पाहुण्यांना मी उठवले, थोड्या कठोरपणेच. पण संध्याकाळी काकूंचा फोन आला: “आज ते दीड भाकरी जेवले हो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.”

आता अशा औषधाला बंदी तरी कशी घालावी? म्हातारपणी माणसाला कोणी विचारीनासे होते, त्याने किती माणसे खंगतात ते मी रोज पाहते. सरांना वाचक विचारतात म्हणून ते सकाळी दाढी करतात. तेव्हा मी मात्रा ठरवली. फोन आणि भेटी संध्याकाळी पाच ते सहा, इनहेलर घेतल्यानंतर. एकावेळी वीस मिनिटे. बोलताना वाक्यामागे श्वास. पत्रांची उत्तरे आडवारी, दोनच. हे सगळे मी एका कागदावर लिहून दिले आणि काकूंनी तो दाराजवळ लावला. वाचक भले असतात. लिहिलेले दिसले की पाळतात. काकूंनी नुसते सांगितले असते तर ‘बाई येऊ देत नाहीत’ असे गावभर झाले असते. रुग्णाच्या दारावर पहारा करण्याचे काम घरच्या बाईकडे कधी देऊ नये. वाईटपणा डॉक्टरने घ्यावा, त्यासाठीच आम्ही फी घेतो.

काकूंचा केसपेपर मी त्याच सुमारास काढला. रक्तदाब १७० आणि १००. गोळी चालू आहे का? “आठवली की घेते.” सरांचा नेब्युलायझर दिवसातून ठरल्या वेळी, घड्याळ चुकेल पण काकू चुकणार नाहीत, स्वतःची गोळी आठवली की! मग डोळे पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजव्या डोळ्याचा चांगलाच पिकलेला. पन्नास वर्षे सरांची प्रत्येक कादंबरी आधी काकूंनी वाचली आहे. पूर्वी कार्बन घालून प्रती करीत, हल्ली मुद्रिते तपासतात. आता त्या भिंग घेऊन एकेका ओळीवर सरकत होत्या. “एवढं पुस्तक होऊ दे, मग डोळ्याचं बघू,” असे त्यांनी दोन वर्षे चालवले होते. आपल्या वि. स. खांडेकरांची दृष्टी उतारवयात गेली, तेव्हा ते सांगत आणि लेखनिक लिहून घेत. लेखकाचे डोळे गेले तर दुसऱ्याचे डोळे मिळतात, लोक धावून येतात. त्या दुसऱ्याचेच डोळे चालले असतील तर कोणी धावत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नसते. सरांनासुद्धा नव्हते. मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पुस्तक थांबवू या.”

शस्त्रक्रिया झाली. पुण्याची भाची आठ दिवस येऊन राहिली. थेंब सुरुवातीला दिवसातून सहा वेळा घालायचे होते. सरांनी त्याचा तक्ता केला, मागे मनगटाला दोरी बांधून घड्याळ लावावे तसे ते वेळेला चिकटून राहिले, आणि प्रत्येक थेंबानंतर खूण केली. त्या खुणा मी पाहिल्या आहेत. एकही चौकोन रिकामा नव्हता.

आन्नाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग १८७८ च्या मे महिन्यात आला. तीन वर्षेही पुरी न झालेला धाकटा मुलगा अल्योशा आकडी येऊन गेला. आपलाच रोग मुलाला भोवला, या विचाराने बाप खचला. आन्ना स्वतः मोडून पडली होती, तसे तिने लिहिलेही आहे. तरी तिने व्लादिमिर सोलोव्योव्ह या तरुण तत्त्वज्ञ मित्राला विनंती करून नवऱ्याला ऑप्टिनाच्या मठात पाठवले. तेथील वृद्ध साधूंशी बोलून तो थोडा सावरून परतला, आणि ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ लिहायला बसला. त्या कादंबरीतल्या सर्वांत निर्मळ मुलाचे नाव अल्योशा आहे आणि तिची अर्पणपत्रिका आन्नाच्या नावे आहे. त्या जूनमध्ये आन्ना उरलेल्या दोन मुलांपाशी घरी राहिली.

दोनच वर्षांनी, ८ जून १८८० रोजी, मॉस्कोत कवी पुश्किनच्या पुतळ्याच्या अनावरणानिमित्त दोस्तोयेव्हस्की यांचे भाषण झाले. लोक रडले, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, लेखकाला पुष्पचक्र अर्पण केले. वाचकांनी लेखकाला दिलेले एवढे प्रेम क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. आन्ना त्या सभेत नव्हती. तिला जायचे होते. पण मुलांसह सगळ्यांनी जाण्याचा खर्च झेपेना, म्हणून ती स्ताराया रूसा या गावी मागे राहिली. त्याच रात्री नवऱ्याने तिला सविस्तर पत्र लिहिले. सभा तिने पत्रातून पाहिली.

पुढच्या जानेवारीत फुप्फुसातून रक्त आले. लेखणी घरंगळून कपाटामागे गेली, ते जड कपाट सरकवताना जोर पडला, असे आन्ना सांगते. त्याच सुमारास घरात वारशावरून बहिणीशी वादही झाला होता. दोन दिवसांत सारे संपले. ती चौतीस वर्षांची होती. (खोकल्यातून रक्त पडले तर, थोडे का असेना, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.)

मग वाचक आले. घर माणसांनी इतके भरले की तिला नवऱ्यापाशी एकटीला बसायला मिळेना. अंत्यविधीच्या वेळी मठाच्या दाराशी पहारेकऱ्याने तिला आत सोडले नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या किती तरी विधवा येऊन गेल्या, काही तर मुलांना घेऊन, असे तो म्हणाला. आत जाण्यासाठी लोकांनी ती युक्ती काढली होती. ओळखीचे कोणी भेटले तेव्हा खरी विधवा आत जाऊ शकली. प्रेमापोटी जमलेल्या गर्दीने घरच्या माणसाला दाराबाहेर ठेवावे, हे दृश्य मी रुग्णालयांच्या व्हरांड्यांतही पाहिले आहे. भेटायला येणारे पंचवीस, आणि रात्री जागलेली सून कोपऱ्यात उभी; तिला बसायला खुर्ची नसते.

आन्ना पुढे सदतीस वर्षे जगली. तिने नवऱ्याच्या समग्र लेखनाच्या आवृत्त्या काढल्या, स्ताराया रूसात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्याच्या नावाने शाळा काढली, त्याच्या वस्तू आणि कागदपत्रे मॉस्कोच्या संग्रहालयात लावली, आणि १९०६ मध्ये त्या सर्वांची जाडजूड सूची छापली. १९१८ मध्ये ती याल्टा येथे वारली. नवऱ्याशेजारी जागा मिळावी अशी तिची इच्छा होती; तिचे अवशेष तेथे नेले गेले ते १९६८ मध्ये.

सरांची नवी कादंबरी पुढच्या महिन्यात पुण्यात प्रकाशित होणार आहे. आजवरच्या एकाही समारंभाला काकू गेलेल्या नाहीत. घर, सासूबाई, मुलांच्या परीक्षा, काही ना काही असेच. या वेळी प्रवासाबद्दल विचारायला दोघे आले, तेव्हा मी सरांच्या केसपेपरवर लिहिले: इनहेलर बरोबर ठेवावा, छोटा सिलिंडर गाडीत, भाषण दहा मिनिटांपेक्षा अधिक नाही, जिने चढायचे नाहीत. काकूंच्या केसपेपरवर लिहिले: रक्तदाब १३४ आणि ८२, गोळी नियमित, डावा डोळा दिवाळीनंतर, प्रवासास हरकत नाही, पहिल्या रांगेत बसावे. काकूंनी कागद नव्या चष्म्यातून नीट वाचला, ‘पहिल्या रांगेत’ या शब्दांवर बोट ठेवले आणि विचारले, “हे पण औषधातच धरायचं का?” सर म्हणाले, “डॉक्टरांनी लिहिलंय ना?” आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवू लागले.